चौथं भोक

गावातले घर-दलाल मला पाठीमागे ‘सौदेमोडी’ म्हणतात. तोंडावर म्हणायची एकाचीही छाती नाही, पण ईस्टरआधीच्या उपासात, मासे तळायच्या शुक्रवारी, चर्चच्या तळघरात माझ्यामागच्या टेबलावर बसून कुजबुजतात, आणि माझे कान गिरणीच्या आवाजातही शाबूत राहिलेत.

माझं नाव रोझेल कुबिसियाक. मी घर तपासनीस. विकायला निघालेलं घर खरेदीदाराच्या वतीनं छपरापासून तळघरापर्यंत बघायचं आणि काय सडलंय, काय गळतंय, काय पेट घेईल ते लिहून द्यायचं, हे माझं काम. त्याआधी सव्वीस वर्षं मी इथल्याच कागद गिरणीत इलेक्ट्रिशियन होते. गिरणीला कुलूप लागलं तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते आणि घरी बसून लोकरीची टोपडी विणायचा माझा अजिबात विचार नव्हता.

आता या धंद्यातली एक गोम सांगते. शेगडीचं आणि कपडे सुकवायच्या ड्रायरचं जे मोठं सॉकेट असतं, घरातल्या नेहमीच्या एकशेवीसच्या दुप्पट व्होल्टेजचं, ते तपासायची आम्हाला सक्ती नाही. ‘आहे’ एवढं लिहिलं तरी चालतं. बहुतेक जण तेवढंच लिहितात. जरा मेहनती असेल तो दिव्यांचा टेस्टर खुपसतो, दिवे लागले की ‘ठीक’ लिहून मोकळा. मी मीटर लावते. फेज ते फेज दोनशे चाळीस. दोन्ही फेज ते न्यूट्रल एकशेवीस. दोन्ही फेज ते अर्थिंग एकशेवीस. न्यूट्रल ते अर्थिंग शून्य. आणि मग यंत्र चालू करून पुन्हा सगळं मोजते, कारण ओझं पडल्याशिवाय वायरची लायकी कळत नाही. या दुसऱ्या मोजणीला बाकीचे ‘रोझेलची पूजा’ म्हणतात. म्हणोत बापडे.

गेल्या मार्चमधली गोष्ट. बर्फ वितळून सगळीकडे राड झाली होती. ट्रेंट हॅल्व्हर्सन मला फाटकातच भेटला. ट्रेंट म्हणजे गावातला सगळ्यात मोठा दलाल. विकणाराही त्याचा आणि घेणारीही त्याचीच, लहान गावात असं सर्रास चालतं. पायात पांढरे बूट घालून तो चिखलात एका लाकडी फळीवर उभा होता.

“रोझेलबाई, आज जरा हात आखडता घ्या हं,” तो म्हणाला. “साधं घर आहे. म्हातारा एकटा आहे, ईस्टरच्या आधी लेकीकडे जायचंय त्याला. घेणारी पोरगी गरजू आहे. सगळे खूश आहेत.”

“मग मला कशाला बोलावलंस?”

“कर्जवाल्यांना कागद लागतो म्हणून.” तो हसला. “आणि हो, एप्रिलची यादी छापायला चाललीय.”

ही यादी म्हणजे काय ते सांगायला हवं. खरेदीदारानं ‘तपासनीस म्हणून कुणाला बोलवू?’ असं विचारलं की दलाल त्याच्या हातात तीन नावांचा कागद ठेवतात. माझं नाव तिसरं. माझा फोन वाजतो तो त्या कागदामुळे. तो कागद गेला की माझं काम गेलं, आणि हे ट्रेंटला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं.

“छाप की,” मी म्हटलं. “माझ्या आडनावातली अक्षरं नीट बघून घाल. गेल्या वेळी एक खाल्लं होतंस.”

घेणारी तेवढ्यात आली. काझुआ लॉर तिचं नाव. बटाट्याच्या कारखान्यात लाइनवर मुकादम, एकतीस-बत्तीसची, ठेंगणी, चालणं झपझप. नवरा पाळीवर होता. तिनं माझ्याशी हात मिळवला आणि सरळ विचारलं, “मी तुमच्या मागं मागं फिरले तर चालेल ना? मला सगळं बघायचंय.”

“चालेल काय, फिरच,” मी म्हटलं. ती मला तिथंच आवडली.

रिवाज असा की तपासणी चालू असताना मालकानं घरात थांबायचं नाही. कॉफी प्यायला जायचं, बहिणीकडे जायचं, कुठंही जायचं, पण आमच्या पायात यायचं नाही. आम्ही आत गेलो तर मालक स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेला, समोर क्रिबेज या पत्त्यांच्या खेळाची गुण मोजायची पाटी, एकट्यानंच पत्ते वाटून घेतलेले. ट्रेंट कानाला लागला, “काय सांगू, दोनदा सांगितलं, ऐकतच नाही.”

म्हाताऱ्यानं मान वर केली, आणि मी दारातच थांबले. अहवालाच्या अर्जावर फक्त पत्ता होता, नाव नव्हतं. आणि मी त्याच्या घरी कधी गेले नव्हते. पण तो एल्रॉय लिटरस्की होता.

“ये पोरी,” तो म्हणाला. “मी हलणार नाही. माझं घर आहे.”

गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात मी पहिली बाई. बाकीचे माझ्या हातमोज्यांत ग्रीस भरून ठेवायचे, मुद्दाम जड मोटारी उचलायला लावायचे. एल्रॉयनं मला कधी जपलं नाही आणि कधी छळलंही नाही. पहिल्याच दिवशी हातात मीटर दिला आणि म्हणाला, “कुणी सांगितलं बंद आहे म्हणून हात लावायचा नाही. मी सांगितलं तरी नाही.” बावीस वर्षं मी त्याच्या हाताखाली काढली. मला जे येतं ते त्यानं दिलेलं आहे.

“अरे वा, ओळख निघाली!” ट्रेंटचा चेहरा फुलला. “मग काय, घरचंच काम.”

मी कामाला लागले. छप्पर बघितलं, माळा बघितला, खिडक्या उघडून बंद केल्या. घर चोख होतं. स्वयंपाकघरातल्या शेगडीचं सॉकेट चोख. एल्रॉय पत्त्यांकडे बघत होता, पण एकही पत्ता हलत नव्हता.

मग आम्ही तळघरात उतरलो. आमच्याकडच्या सगळ्या घरांसारखीच तिथं दुसरी शेगडी होती, लोणची-मुरंबे घालायला आणि मासे तळायला, म्हणजे वरच्या पडद्यांना वास लागत नाही. फळीवर बिटाच्या लोणच्याच्या बरण्या होत्या, वर त्याच्या बायकोच्या, आयरीनच्या अक्षरात तारखा. ती जाऊन दोन हिवाळे झाले होते. त्या शेगडीचं सॉकेट जुनं, तीन भोकांचं, रंग उडालेलं. मी लिहिलं, ‘जुन्या पद्धतीचं, वेगळं अर्थिंग नाही, सवडीनं बदला.’

कोपऱ्यात वॉशिंग मशीन, त्याला लागून ड्रायर. आणि ड्रायरमागं पांढरंशुभ्र सॉकेट. चार भोकांचं. सगळ्या तळघरात तेवढीच एक वस्तू नवी.

“बघा,” ट्रेंट म्हणाला, “हे तर बदलूनही घेतलंय. नवीन नियमाप्रमाणे.”

मी मीटर लावला. दोनशे एकेचाळीस. एकशेवीस, एकशेवीस. एकशेवीस, एकशेवीस. शून्य. ट्रेंट माझ्या खांद्यावरून बघत मोठ्यानं आकडे वाचत होता, शाळेतल्या पाढ्यांसारखे.

“झालं?” त्यानं विचारलं.

“पूजा राहिलीय.”

माझ्याकडे घरी केलेली एक पेटी आहे. ती सॉकेट आणि ड्रायरच्या मध्ये बसते आणि तिच्यावर चार पितळी स्क्रू आहेत, म्हणजे यंत्र चालू असताना चारही वायरी मोजता येतात. मी ती लावली, ड्रायर पूर्ण गरम करून सुरू केला आणि न्यूट्रल ते अर्थिंग पुन्हा मोजलं.

शून्य. अगदी कोरं शून्य.

ज्याला माहीत नाही तो खूश होईल. पण बोर्डापासून इथवर वीसेक मीटर वायर होती आणि ड्रायरची मोटार न्यूट्रलमधून करंट ओढत होती. एवढ्या वाटेत थोडं तरी व्होल्टेज सांडतंच. अर्थिंगची वायर खरोखर वेगळी बोर्डापर्यंत गेली असती, तर दोघींत तो सांडलेला फरक दिसायला हवा होता. थोडासा का होईना. कोरं शून्य याचा अर्थ दोघींची गाठ याच झाकणामागं मारलेली आहे. मी मीटरचं एक टोक ड्रायरच्या पत्र्याला आणि दुसरं नळाच्या तांब्याच्या पाइपाला लावलं. तिथं दिसायला नको होतं ते दिसलं. शून्य पूर्णांक सहा.

“पॉइंट सहा!” ट्रेंट खो खो हसला. “अहो, माझ्या घड्याळातला सेल याहून जास्त देतो!”

“तुझ्या घड्याळात सेल असायचाच. इथं काहीच असायला नको.” मी काझुआकडे वळले. “बाई, हे नीट ऐक. यंत्राचा पत्रा जमिनीशी जोडायला एक वेगळी वायर लागते. ती इथं नाहीच. चौथं भोक आहे, पण त्याच्यामागं वायर नाही; आतल्या आत तुकडा टाकून त्याला न्यूट्रलशी बांधलंय. म्हणजे परत जाणारा करंट या पत्र्याच्या अंगाखांद्यावर खेळतोय. आज पॉइंट सहा. ज्या दिवशी बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू ढिला पडेल, त्या दिवशी या पत्र्यात एकशेवीस व्होल्ट उभे राहतील. शेजारचं वॉशिंग मशीन जमिनीशी नीट जोडलेलं आहे; दोन्हींना एकदम हात लागला की करंट तुझ्यातून जाईल. आणि टेस्टर तेव्हा काही सांगायला येणार नाही.”

काझुआ बोलणं ऐकत दोन यंत्रांच्या मधोमध उभी होती. एक हात वॉशिंग मशीनवर, एक ड्रायरवर. ओले कपडे यातून काढून त्यात टाकताना माणूस जसा उभा राहतो अगदी तसा. तिनं दोन्ही हात हळूच उचलले आणि कोटाच्या खिशात घातले.

तेव्हा माझी नजर झाकणाच्या स्क्रूंवर गेली. सगळ्यांच्या खाचा उभ्या, एका रेषेत. आमच्या खात्यात स्क्रू असेच सोडायचे, म्हणजे खाचेत धूळ साठत नाही आणि एखादा फिरला तर लांबून कळतं. गिरणी बंद झाली, खातं पांगलं, पण मी अजून तसेच सोडते. या गावात असे सोडणारे आता दोघंच उरलो होतो, मी आणि एल्रॉय. मला एकदम प्रचंड राग आला.

“हे बघा,” ट्रेंटनं आवाज खाली आणला, “वाद नको. तुम्ही लिहा, ‘अधिक तपासणीची शिफारस करण्यात येते.’ झालं. तुमचंही खरं, माझंही खरं.”

हे वाक्य म्हणजे आमच्या धंद्यातली गोधडी. काहीही झाका. भिंत फाटलेली असो की छप्पर खचलेलं, ‘अधिक तपासणीची शिफारस’. वाचणाऱ्याला वाटतं, काही नाही, किरकोळ आहे.

“झाकण उघडायला मालकाची परवानगी लागते,” मी म्हटलं, आणि जिना चढले.

एल्रॉय तसाच बसला होता. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

“आकडे बरोबर आले ना?” त्यानं विचारलं.

“आले. नको तितके बरोबर आले.”

त्यानं पत्ते गोळा केले. मग बोलायला लागला तेव्हा पत्त्यांशीच बोलला. “ट्रेंट म्हणाला, तीन भोकं दिसली की तपासनीस लाल शाई मारतात, चार करून ठेवा. नवी वायर ओढायची तर तळघराच्या छताची सगळी फळकुटं उतरवायला हवीत. माझे गुडघे बघ. शिडीवर कोण चढणार? आयरीननं त्याच तीन भोकांवर तीस वर्षं कपडे वाळवले. तिला कधी झिणझिणीसुद्धा आली नाही. तीन भोकांतही न्यूट्रल पत्र्यालाच बांधलेला असतो, ते कायद्यानं चालतं. मी काय वेगळं केलं?”

“तीन भोकं कबूल करतात, एल्रॉय. बघणाऱ्याला दिसतं की इथं अर्थिंग नाही. मी वाकडं तोंड करून ‘जुनं आहे, बदला’ लिहिलं असतं, त्या खालच्या शेगडीचं लिहिलं तसं. तुम्ही चौथं भोक पाडून खोटं बोललात.”

“आवाज खाली घे.”

“नाही घेत. खाली ती पोर दोन्ही यंत्रांवर हात ठेवून उभी होती!”

“माझ्या घरात मला शिकवतेस?”

“हो. तुम्हीच मला हे शिकवलंत, आता भोगा.”

त्याचा चेहरा लालबुंद झाला, मग उतरला. तो एकाएकी फार म्हातारा दिसला, आणि मला वाईट वाटलं, नाही असं नाही. “पोरी,” तो म्हणाला, “मऊ शब्दांत लिही. मी गेल्यावर त्यांना काय करायचं ते करू दे. एक्केचाळीस वर्षं या गावात माझ्या वायरिंगला कुणी बोट लावलेलं नाही. जाता जाता तेवढं तरी राहू दे.”

ट्रेंटला ‘नाही’ म्हणायला मला काहीच लागलं नव्हतं. इथं मात्र लागलं. त्याच माणसामुळं मी त्या खात्यात टिकले होते. आणि तरीही मला त्याचा संताप येत होता, कारण दुसऱ्या कुणी केलं असतं तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं.

“नाही,” मी म्हटलं. “झाकण उघडायची परवानगी देता की न उघडताच लिहू?”

त्यानं पत्ते पुन्हा पिसायला घेतले. मी उठून खाली आले, टॅबलेट काढला आणि उभ्या उभ्याच टाइप करायला लागले. मोठ्यानं वाचत, म्हणजे काझुआला ऐकू जावं. “ड्रायरचं सॉकेट. धोकादायक. वापरू नका. अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत नाही. सॉकेटमागं चुकीची जोडणी...”

“रोझेलबाई,” ट्रेंट आता हसत नव्हता, “एप्रिलच्या यादीत दोनच नावं असतील.”

“कागद वाचेल तुझा.”

ती धमकी त्यानं खरी केली, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच चमत्काराची वाट बघायला नको. एप्रिलमध्ये माझं नाव नव्हतं. मेमध्येही नव्हतं. माझं काम निम्म्यावर आलंय आणि मी दर शनिवारी बाजारात माझ्या नावाचा फलक लावून स्वतः टेबल मांडून बसते, रूबार्बचे आंबट देठ विकणाऱ्या बायकांच्या रांगेत. काही दलाल बाजूनं मान वळवून जातात. मी त्यांना हाका मारते.

तर मी टाइप करत होते आणि जिन्यावर पावलं वाजली. एक पाय, थांबा, दुसरा पाय, थांबा. एल्रॉय खाली येत होता. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर. ट्रेंट पुढं झाला, “तुम्ही कशाला आलात, मी बघतो...”

“बाजूला हो.”

त्यानं बोर्डाशी जाऊन ब्रेकर पाडला. मग माझ्याकडे हात पुढं केला. मी मीटर दिला. त्यानं सॉकेट मेलेलं आहे याची खात्री केली, तीनदा, तीन जागी. एकही स्क्रू खाली पडला नाही. झाकण निघालं, सॉकेट पुढं ओढलं, आणि मागं दिसला तो इंचभर हिरव्या वायरीचा तुकडा, न्यूट्रलपासून अर्थिंगपर्यंत वाकवून बसवलेला. नीटनेटका. काम म्हणून बघाल तर सुंदर.

“हे बघ, बाई,” तो काझुआला म्हणाला. “हा तुकडा मी टाकलाय. तीन आठवड्यांपूर्वी. एक्केचाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो मी.”

काझुआनं वाकून बघितलं, मग सरळ उभी राहून त्याच्या डोळ्यांत बघितलं. “या आल्या नसत्या, तर तुम्ही मला सांगितलं असतं?”

ट्रेंटनं घाईघाईनं तोंड उघडलं. एल्रॉयनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“नाही,” तो म्हणाला.

काझुआनं मान हलवली. “आमच्या लाइनवर असं कुणी केलं तर मी त्याला त्याच पाळीत घरी पाठवते,” ती म्हणाली. “घर मला आवडलंय. पण आधी खरी वायर ओढून घ्या, तुम्ही नाही, दुसऱ्या कुणाकडून. मग माझा नवरा आणि मी येऊ, या बाई पुन्हा मोजतील, आणि मग सही.”

“होईल,” एल्रॉय म्हणाला. “सोमवारी माणूस येईल. फळकुटं मी आजच काढायला घेतो.”

“गुडघ्यांचं काय?” मी विचारलं.

“गुडघे माझे आहेत.”

मग त्यानं माझ्या हातातला टॅबलेट स्वतःकडे वळवला, खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला आणि मी लिहिलेलं ओळ न् ओळ वाचायला लागला. गिरणीत तो माझ्या कामाची नोंदवही वाचायचा तसाच, ओठ हलवत. मध्येच थांबला आणि काचेवर बोट ठेवलं.

“हा शब्द बदल.”

“कुठला?”

“‘चुकीची जोडणी’. चूक म्हणजे ज्याला माहीत नसतं त्याची. मला माहीत होतं.” त्याचं बोट तिथून हललं नाही. “‘फसवी’ लिही.”

“एल्रॉय, अहवालात असं कुणी लिहीत नाही.”

“तू लिही. आणि खाली माझं नाव घाल.”

मी ‘चुकीची’ पुसलं आणि ‘फसवी’ लिहिलं. त्याच्याखाली नाव घातलं. नाव बरोबर लिहिलंय ना ते त्यानं दोनदा तपासलं, आणि मी अहवाल पाठवेपर्यंत तो माझ्याशेजारी उभा राहिला.